मागं पडणारा हात

निमोण्याचे आबा शिरूरला माझ्या छोट्या स्टुडिओत ढोलकी वाजवायला यायचे. आधी ढोलकीला नमस्कार, मगच कानाला हेडफोन. सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि रेकॉर्डिंगमध्ये त्यांचा ठेका दर वेळी किंचित उशिरा उतरू लागला. मी डाफरायचो, "आबा, हात मागं पडतोय!" ते ओशाळायचे. "वय झालं. परत घ्या."

महिन्याभरानं कळलं, अपडेटनं आवाजाची वेळ जुळवणारी एक सेटिंग परस्पर बदलली होती आणि ती मेनूच्या पार तळाशी दडली होती. आबांचा हात चोख होता.

सांगायला निमोण्याला गेलो. देवळात भजन चाललं होतं. ढोलकी दुसऱ्याच्याच मांडीवर होती. कोपऱ्यात टाळ घेऊन बसलेले आबा मला पाहून हळूच म्हणाले, "दादा, टाळ तरी येळंवर पडत्यात का, बगा."