तांदळातले देव

माफ करणारी माणसं मला पडद्यावरसुद्धा सहन होत नाहीत.

बाबांना मात्र तशीच आवडायची. तरुणपणी त्यांनी बडोद्यातल्या एका टॉकीजमध्ये बायबलातल्या गोष्टीवरचा जुना इंग्रजी सिनेमा पाहिला होता. सख्खे भाऊ एका भावाला विहिरीत ढकलतात, मग गुलाम म्हणून विकतात. तो परमुलखात राजाचा कारभारी होतो. दुष्काळ पडल्यावर तेच भाऊ धान्य मागायला त्याच्या पायाशी येतात, आणि तो त्यांना पोटाशी धरतो. नाताळात हा सिनेमा टीव्हीवर लागला की पाणीगेटच्या आमच्या घरात बाबा तो मराठीतून समजावायचे. "बघ, तिथेही भाऊबंदकी! आणि म्हाताऱ्या बापाच्या सगळे कसे पाया पडतायत. आपलंच घर आहे की." आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, पण ती वाळवंटातली दाढीवाली माणसं बाबांना आपल्या भावकीतलीच वाटायची. शेवटच्या मिठीला ते दरवेळी डोळे पुसायचे. मला सिनेमा त्याच्या आधीच संपायला हवा असायचा, भाऊ गुडघे टेकून थरथरत असतात तिथे.

मग माझ्याच भावाने मला त्या सिनेमात नेऊन बसवलं.

बाबांना दवाखान्यात हलवावं लागलं. मी लग्न केलेलं नाही. घरात बाबा आणि मी दोघंच. गोरव्यातल्या कारखान्याच्या ऑफिसातून रजा काढून मी त्यांच्या उशाशी बसले. घराला कुलूप लागणार म्हणून देव्हाऱ्यातले टाक तांदळाच्या डब्यात ठेवले. घर बंद असताना देव उपाशी राहू नयेत म्हणून आमच्यात ते धान्यात ठेवतात. टाक म्हणजे कुलदैवतांचे चांदीचे छोटे पत्रे. आमचे खंडोबा आणि भवानी पिढ्यान्‌पिढ्या घासून नाकडोळे गेलेले. म्हणून बाबांनी सोनाराकडून नवे करून घेतले होते. ते जेजुरीला नेऊन देवाला भेटवायचे राहिले होते, आणि तोवर ती नुसती चांदी. ती देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात डबीत पडून होती.

दादा वाघोडिया रोडला राहतो. दवाखान्यात एकदाही फिरकला नाही. घरी मात्र स्वतःच्या किल्लीने शिरला आणि डबी उचलून नेली. वर मलाच फोन. "देव मुलीपाशी राहत नाहीत. मी घेऊन आलोय. पछी मागाहून म्हणू नकोस, सांगितलं नाही." आयुष्यात एकदा जरी पूजेला बसला असता तरी आपले देव कुठले ते त्याला कळलं असतं. चकचकीत दिसलं ते उचललं आणि चालता झाला.

बाबा घरी आले तेव्हा रिकामा देव्हारा पाहून त्यांचा चेहरा जो उतरला, तो मी विसरणार नाही. दादाने काय नेलं ते सांगून मी डब्यातून टाक काढून दाखवले. ते हसले, आणि लगेच म्हणाले, "त्याला सांग हो. भाऊ आहे." मी हो म्हटलं नाही. काही महिन्यांनी बाबा गेले, तरी सांगितलं नाही. दादा येणार असला की मी टाक पुन्हा तांदळात ठेवायची. तो दर दसऱ्याला सोनाराच्या चांदीवर झेंडू वाहत राहिला, भावकीत मान घेत राहिला, आणि मला फार बरं वाटत राहिलं.

यंदा नाताळात तो मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. टीव्हीवर तोच सिनेमा चालू होता. भाऊ गुडघ्यांवर आले तेव्हा ह्याने रुमाल काढला. "बाबांना किती आवडायचा ने! काय संस्कार आहेत यात!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विहिरीत ढकलणारा समोर बसून रडत होता आणि त्याला स्वतःची ओळखही पटत नव्हती. डोळे पुसून म्हणाला, "लग्नानंतर कुलदैवतापुढे गोंधळ घालायचाय. तू आत्या, तू यायलाच पाहिजे. देव आहेतच माझ्याकडे."

मी आतून डबा आणला, त्याच्यासमोर तांदळात हात घातला आणि टाक त्याच्या तळहातावर ठेवले. "हे आपले देव, दादा. तुझ्याकडे आहे ती जेजुरी न पाहिलेली चांदी. बाबांनी भेटवायच्या आधीच तू ती पळवलीस."

त्याने झिजलेल्या चेहऱ्यांवरून अंगठा फिरवला. लहानपणी आम्ही दोघं ह्यांच्याचपुढे वाकलो होतो. त्याला लगेच कळलं. तो खुर्चीवरून खाली आला आणि गुडघ्यांवर बसला. "इतकी वर्षं मी कोणाची पूजा केली गं? दे ना मला हे."

टीव्हीवर तो कारभारी हात पसरून सिंहासनावरून उतरत होता. बाबांना एक गोष्ट कधी आठवायची नाही. त्यानेही आधी धाकट्याच्या पोत्यात चांदीचा प्याला लपवला होता, चोर ठरवून भावांना घाम फोडला होता. पोटाशी धरणं त्यानंतरचं. मी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"गोंधळ इथे घाल," मी म्हटलं. "सगळ्या भावकीला घेऊन ये. मुलगा-सून ह्या देव्हाऱ्यापुढे पाया पडतील. आणि देव मुलीपाशी का, ते सगळ्यांना तूच सांगायचंस."

टाक त्याच्या हातातून घेऊन मी देव्हाऱ्यात मांडले आणि दिवा लावला. तो बराच वेळ तसाच खाली बसून होता. मी त्याला ऊठ म्हटलं नाही.