डाव्या हाताने उघडणारा चाकू

रोज एकाच गाडीने जाणाऱ्या बायकांना किस्से जमवावे लागत नाहीत. सीटखालच्या धुळीसारखे ते आपोआप साठतात. आम्ही तिघी देवासहून टोंकखुर्दच्या बाजूला शाळेत शिकवायला जातो: मी, माझ्याहून बऱ्याच मोठ्या वसुधाताई आणि नुकतीच लागलेली ज्योती. व्हॅन मुकेश भियाची; आमच्याकडे भैयाचा भिया होतो. साठलेल्यांपैकी हे काही, सगळे चाकूचे.

वसुधाताईंच्या पर्समध्ये वर्षानुवर्षं एक घडीचा लोखंडी चाकू असायचा. परतताना रस्त्यावर जाम घ्यायचे. पेरूला आम्ही माळव्यातले लोक जामच म्हणतो. ताई फोडी करायच्या, मीठ लावायच्या, पहिली फोड मुकेश भियाला.

मागच्या हिवाळ्यात त्या न्हाणीघरात घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण अंगठ्यात जोर काही आला नाही. मग जाम घेतले की म्हणायच्या, "तुम्ही खा, माझे दात शिवशिवतात." एकदा मी पाहिलं, पदराआड त्या चाकूच्या खाचेत नख घालून पातं ओढत होत्या. पातं हललं नाही. चाकू परत पर्समध्ये गेला आणि त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

दुसऱ्याच दिवशी मी ज्योतीला बाजूला घेतलं. ताईंसाठी हलका, सहज उघडणारा चाकू शोधायचा ठरलं.

ज्योतीने ऑनलाइन मागवला. काळाकुट्ट, करवत असलेला, बाटली उघडणारा, वर गाडीची काच फोडायला टोक. पर्समध्ये टाकला तर पर्स एका बाजूला कलली. ती माझी शंका ओळखून म्हणाली, "फोटो में छोटा दिखता था." मुकेश भियाने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "मैडम, जाम काटना है या जंगल?"

ज्योतीचं सगळं शिक्षण हिंदीत. मराठी बोलते, पण वाचताना अडखळते. मी तिला मेसेज टाकला, "आता घेशील तेव्हा नीट धार बघून घे." तिचं उत्तर आलं, "दीदी, उसके लिए धार क्यों जाना, देवास में भी तो दुकानें हैं." मी हसले, आणि मग वाटलं, माझं माहेर धार शहरातलंच, जायचंच आहे, तिथेच बघावं.

धारच्या बाजारात दुकानदाराने काउंटरवर चाकू मांडले. मी उजवा हात पाठीमागे धरला आणि एकेक डाव्या हाताने उघडू लागले. तो जरा बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "दीदी, किसी से झगड़ा है क्या?"

मी ताईंची हकीकत सांगितली. त्याने स्वतःचाही उजवा हात खिशात घातला. मग आम्ही दोघं डाव्या हाताने चाकू उघडत बसलो. बटणवाला त्याने आधीच दूर सारला. म्हणाला, असला पर्समध्ये ठेवला तर पोलीस विचारतील. दुसरा एक झटकन उघडायचा, पण मिटवायला आतली पट्टी उजव्या अंगठ्याने दाबावी लागायची. तोही गेला. शेवटी एक उरला: पातळ, मुठीला प्लास्टिक, पात्यात गोल भोक. भोकात बोट घातलं की उघडायचा, पात्याची पाठ मांडीवर टेकली की मिटायचा. हातात काही घेतलंय असं वाटतच नव्हतं.

आता द्यायचा कसा? ताईंना कुणी कीव केलेली चालत नाही. ज्योती म्हणाली, माझ्यावर सोडा. गाडीत तिने चाकू काढला, जाम हातात घेतला आणि तोंड पाडून बसली. "ताई, मला नाही जमत. तुम्ही दाखवा ना."

ताईंनी चाकू घेतला. डाव्या हाताचं बोट भोकात गेलं आणि पातं उघडलं. त्यांनी ते मिटवलं, परत उघडलं. मग विचारलं, "उजवा हात बांधून कुणी शोधला हा?"

तेवढ्यात मुकेश भियाने गाडी कडेला घेतली. इंजिन गरम झालंय म्हणाला. ताईंच्या सगळ्या फोडी होईपर्यंत ते काही थंड झालं नाही.

आणि आता ताईंच्या यजमानांचा किस्सा. नानासाहेब कचेरीतून निवृत्त झालेले, जुन्या दरबारी घराण्यातले. पाण्याचा पेलाही हातात मिळायची सवय. ताईंचा हात मोडल्यावर स्वयंपाकाला बाई आली. ती त्यांच्यासाठी बशीत अख्खं सफरचंद ठेवून जायची आणि ते संध्याकाळपर्यंत तसंच असायचं.

दिवाळीची सुटी संपली. गाडीत ताईंनी पर्समधून चाकू काढला नाही, डबा काढला. आत सफरचंदाच्या फोडी. एक बोटाएवढी, एक मुठीएवढी, कुठे साल, कुठे बिया.

मी विचारलं, चाकू हरवला का?

"नाही. ह्यांनी ठेवून घेतलाय."

ज्योती म्हणाली, घरात तर कितीतरी सुऱ्या असतील. असतात, ताई म्हणाल्या, पण ह्यांना हा एवढाच जमतो. सकाळी वर्तमानपत्र पसरून बसतात आणि मला जवळ येऊ देत नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी धारला जाणारच होते. म्हटलं, तुमच्यासाठी अगदी तसाच दुसरा घेऊन येते.

ताईंनी डब्यातली सगळ्यात वेडीवाकडी फोड स्वतःसाठी उचलली.

"नको गं," त्या म्हणाल्या. "उद्या पपई कापणार आहेत."