एका हाताने धरलेला पायजमा

बंद वॉर्डात पायजम्याची नाडी काढून घेतात. नाडीने कुणी स्वतःचा किंवा दुसऱ्याचा गळा आवळू नये म्हणून. त्याऐवजी इलॅस्टिकचे पायजमे देतात, पण ते उकळत्या पाण्यात धुऊन धुऊन सैल पडलेले असतात. त्यामुळे तिथली माणसं दिवसभर एका हाताने पायजमा धरून फिरतात. माझा धाकटा भाऊही तसाच फिरायचा. तोंड धुताना, ताट उचलताना, चहाच्या रांगेत, एक हात कायम कमरेला.

आजाराच्या भरात त्याने माझ्यावर विळा चालवला होता. खांद्यावरचा व्रण अजून आहे. कोर्टाने त्याला धुळ्याकडच्या मनोरुग्णालयात, कुलपाआड पाठवलं. मी जळगावात मेहरूणला राहतो, शाळेत शिकवतो. दर महिन्याला एसटीने त्याला भेटायला जायचो आणि दर महिन्याला तिथे कुणाशी तरी भांडायचो. कधी वरणावरून, कधी ढेकणांवरून. तक्रारी खोट्या नव्हत्या. पण भांडत असलो की भावाकडे बघावं लागत नसे, हेही खरं.

त्या दिवशी मी पायजम्यावरून वॉर्डातल्या ब्रदरला धरलं. पुरुष नर्सला तिथे सगळे ब्रदरच म्हणतात. हा पन्नाशीचा, जाडजूड, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

“माणसाची लाज त्याच्याच हातात धरायला लावता तुम्ही,” मी म्हणालो. “गुरांनासुद्धा कुणी असं ठेवत नाही.”

“सर, आज शाळेला सुट्टी वाटतं,” तो म्हणाला. “घरून चांगले पायजमे आणायला कुणी अडवलंय? बोदवडची एक म्हातारी आणते पोरासाठी. तुम्ही काय आणता? भांडण.”

“मग सरकार कशासाठी आहे?”

“असं करा, पुढच्या महिन्यात सरकारलाच भेटायला जा. इथे येऊ नका.”

भिंतीला टेकलेले दोन रुग्ण हसले. भाऊ खाली बघत म्हणाला, “जाऊ दे ना भाऊ. बठ्ठासनं असंच शे, सगळासनं.”

मी तणतणत डॉक्टरांकडे गेलो. वर तक्रार करीन म्हणालो. त्या तरुण होत्या, थकलेल्या होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पायजम्यांचं मी बघते. तुम्ही एक करा. तुमचा भाऊ बरेच महिने शांत आहे, गोळ्या स्वतः मागून घेतो. आपण कोर्टाची परवानगी काढू. त्याला थोडे दिवस घरी न्या. ते नीट पार पडलं तर पुढे खुला वॉर्ड, मग घर. नेणारंच कुणी नसेल, तर तो इथेच राहील.”

दारात ब्रदर उभा होता. त्याच्यादेखत मी म्हणालो, “नेतो की. माझाच भाऊ आहे.”

घरी बायकोला सांगितलं. भाजी चिरून झाल्यावर तिने विळी धुतली, फडक्यात गुंडाळली आणि स्टूल घेऊन माळ्यावर ठेवली. मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, “माझ्यावर कशाला ओरडता? विळी खाली काढा तुम्ही. मी अडवत नाही.” मी काढली नाही.

पुढच्या खेपेला मी शिंप्याकडून रुंद इलॅस्टिक घालून घेतलेले पायजमे नेले. ब्रदरने ते दोन्ही बाजूंनी ताणून बघितले. “जमलं एकदाचं,” म्हणाला आणि आत घेऊन गेला. थोड्या वेळाने भाऊ ते घालूनच बाहेर आला. दोन्ही हात मोकळे. तो हसत, भराभरा माझ्याकडे आला आणि पाया पडायला दोन्ही हात पुढे करून वाकला.

मी मागे सरलो. भिंतीला पाठ लागेपर्यंत सरलो. माझा हात खांद्यावर गेला होता.

तो क्षणभर तसाच वाकून राहिला. मग सरळ उभा राहिला आणि हात पाठीमागे घेतले. डॉक्टर फाईल घेऊन आल्या. त्यांनी हे पाहिलं नव्हतं. “मग अर्ज करायचा ना? कधी नेताय?” त्यांनी मला विचारलं.

भाऊच बोलला. “नको मॅडम. माले आठेच बरं शे.”

इथेच बरं आहे, हे तो माझ्यासाठी खोटं बोलत होता. दर भेटीत तो शेवटी एकच विचारायचा, घर कधी लई जाशी. मी फक्त “नाही, मी नेतो” म्हणायचं होतं.

“सर, बोला की,” ब्रदर म्हणाला. “एरवी तर गेटपर्यंत आवाज येतो तुमचा.”

“त्याचीच इच्छा नसेल तर...” मी म्हणालो.

डॉक्टरांनी आमच्या दोघांकडे पाहिलं आणि फाईल मिटली. ब्रदरने कुलूप काढलं. भाऊ आत जाता जाता मला म्हणाला, “निंघ भाऊ, तुन्ही एसटी चुकी जाई.” मी खरोखरच घड्याळात बघितलं.