बेटामागची घंटा

बागेतल्या तळ्यावर नावा सोडणाऱ्या माणसाला सगळं गाव मामा म्हणायचं, त्यामुळे त्याच्या बायकोला आपसूक मामी व्हावं लागलं. लग्न होऊन आली तेव्हा ती जेमतेम विशीची. मिशीवाले बाप्ये बागेच्या फाटकाशी वाकून "काय मामी, बरं आहे ना?" म्हणत, आणि तिला हसू आवरत नसे. पुढे सवय झाली.

बाग तशी मोठी. एका अंगाला झोपाळे, घसरगुंड्या, पोरांची आगगाडी. दुसऱ्या अंगाला स्केटिंगचं रिंगण आणि त्यावर अखंड वाजणारी गाणी. मधोमध तळं, आणि तळ्याच्या पोटात गच्च झाडीचं बेट. पायाने पायडल मारायच्या नावा बेटाला वळसा घालून पलीकडे गेल्या की धक्क्यावरून दिसेनाशा होत. पलीकडे पाणी काळं, गाळ मऊ आणि झाडांच्या फांद्या पार खाली आलेल्या. चार घटका एकांत हवा असलेली मंडळी नेमकी तिथेच जात.

म्हणून मामांनी प्रत्येक नावेला एक पितळी घंटा बांधली होती. नाव ढकलताना ते न चुकता सांगत, "साखळी निखळली, पोर घाबरलं, काहीही अडलं, तर घंटा हलवायची. मी येतो." आणि खरंच जात. घंटेचा पहिला टोला हवेत विरायच्या आत त्यांचं वल्हं पाण्यात असे. घंटा वाजली नाही म्हणजे सगळं खुशाल, असा त्यांचा सरळ हिशेब. ते निवांत धक्क्यावर बसून दोर वळत.

त्यांचे कान जायला लागले ते आधी मामीला कळलं. चुलीकडे तोंड करून बोललं की उत्तर येईना. दारावरची बेल वाजत राही आणि मामा तिच्या खाली बसून पेपर वाचत राहत. लेकीचा फोन आला की "हो हो, बरं बरं" करून फोन मामीकडे सरकवायचे. एकदा लेक म्हणाली, "बाबा, जिन्यावरून पडले, पाय टम्म सुजलाय," तर हे म्हणाले, "छान, छान. असंच पाहिजे." लेक दोन दिवस फुगून बसली होती.

मामी एके दिवशी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. "कान दाखवून या एकदा."

"माझे कान? अगं, तू मनातल्या मनात बोलतेस तेसुद्धा मला ऐकू येतं."

मामीने पाठ फिरवली, काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा वळली. "सांगा, मी काय म्हणाले?"

"माझ्या आईचं नाव घेतलंस. दुसरं काय घेणार."

मामीला हसू आलं, पण तिने ते आत ढकललं. मग मामा खालच्या आवाजात म्हणाले, "ऐकू येत नाही असं कागदावर आलं, की बागेचे साहेब मला पाण्यावरून उचलणार. फाटकावर बसवतील तिकिटं फाडत. मी जगेन का तिथे?"

मामीला आठवलं. एका वर्षी गाळ काढायला तळं रिकामं केलं होतं. तेव्हा हा माणूस भिंतीकडे तोंड करून नुसता पडून असायचा, घासभर खाल्लं तर खाल्लं. ते दिवस तिला पुन्हा नको होते. तेव्हापासून ती त्यांच्याशी तोंडासमोर येऊन बोलू लागली. शेजारीपाजारी काही म्हणाले की तेच वाक्य जरा मोठ्याने पुन्हा म्हणायची, जणू तिलाच बोलायची हौस. घर सुरळीत चाललं. तळ्याचा विचार तिने केलाच नाही असं नाही. आला की ती उठून भांडी घासायला घ्यायची.

एका रात्री जेवताना मामा खुशीत होते. "साहेब म्हणाले, मामा, यंदा कमाल केलीत. तळ्यावर सगळं कसं शांत. कित्येक महिन्यांत एक घंटा वाजली नाही."

मामीच्या हातातला घास तिथेच राहिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक नवरा-बायको पायांवर चिखल घेऊन धक्क्यावर आले. पायडल अडकलं होतं, हाताने पाणी कापत कसेबसे परतले होते. "घंटा बडवून हात दुखले आमचे," नवरा म्हणाला. मामांनी त्यांच्याच नावेवरची घंटा कानाशी धरून हलवली आणि मान डोलावली. आतले लोलक गंजलेत, आवाज दाबला जातो, म्हणाले. त्या रविवारी सगळ्या घंटा त्यांनी घरी आणल्या, चिंचेने घासल्या, जुने लोलक काढून जड लोलक बसवले.

"ऐक," म्हणून त्यांनी एक हलवली.

ओट्यावरची भांडी थरथरली. समोरच्या बिऱ्हाडातलं कुत्रं भुंकायला लागलं. मामीने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"आता जरा बोलली," मामा समाधानाने म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मामी रोज विणकामाची पिशवी घेऊन बागेत जाऊ लागली. धक्क्याजवळच्या बाकावर बसायची, सुया चालवायची आणि कान बेटाकडे. कुणाला सांगितलं नाही, मामांनाही नाही. शेवटची नाव आत आली की लोकर गुंडाळायची. तिकीटवाली बाई चेष्टा करायची, "मामी, पहारा कशाला? या वयात मामा कुणाबरोबर पळून जाणार?"

"पळाले तर निदान दिशा तरी कळेल," मामी म्हणायची.

घंटा मात्र एकदाही वाजली नाही. मामीला वाटू लागलं, निभेल. निवृत्तीपर्यंत असंच निभेल.

त्या संध्याकाळी निघता निघता लेकीचा फोन आला. मुलगा तापाने फणफणला होता, लेक रडवेली झाली होती, मध्येच तोडता येईना. मामी फाटकाशी पोचली तेव्हा ऊन कलून गेलं होतं. वारा सुटला होता, झोपाळे रिकामेच हलत होते. माणसं उलट्या दिशेने बाहेर निघाली होती. रिंगणावरची गाणी मोठ्याने चालली होती, आणि तेवढ्यात ती बंद झाली.

मग तिला घंटा ऐकू आली.

नीट लयीत वाजत नव्हती ती. वेडीवाकडी, थांबून, पुन्हा घाईघाईने. मामी धावली. तिकीटघराची खिडकी बंद झाली होती. मामा धक्क्याच्या टोकाशी, बेटाकडे तोंड करून बसले होते. मांडीवर दोर. आवाज सरळ त्यांच्या अंगावर येत होता आणि ते शीळ घालत होते.

तिने खांदा धरून त्यांना वळवलं. "घंटा वाजतेय."

"कुठली? एकच नाव राहिलीय बाहेर. नवरा-बायको आणि लहानगी. येतील आता. घंटा नाही, म्हणजे..." तिचा चेहरा बघून ते बोलायचे थांबले. पाण्याकडे पाहिलं. पाण्यावर काहीच दिसत नव्हतं.

आणि घंटा बंद पडली.

"थांबली," मामी म्हणाली.

ते तिच्या ओठांवर त्यांनी वाचलं. होडीचा दोर सोडताना त्यांची बोटं अडखळली, हे तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आजवर पाण्यावर पाय न ठेवलेली मामी होडीत उतरली. दोन वल्ही मारून मामा वळले.

"कुठल्या बाजूने येत होता?"

मामीने हात केला. सगळ्या वाटेत ती हात तसाच धरून बसली. बेटामागे उजेड संपतच आला होता. फांद्यांखाली नाव कलंडून अर्धी बुडाली होती, घंटा पाण्याच्या खाली गेली होती. बाप छातीभर गाळात रुतलेला, पोरगी त्याच्या डोक्यावर. आई एका फांदीला लोंबकळत होती. कुणी ओरडत नव्हतं. ओरडून संपलं होतं.

तिघेही वाचले. धक्क्यावर आणलं तोवर माळी, रखवालदार, साहेब जमले होते. कुणीतरी चादर दिली. साहेब नावांकडे बघत, मामांकडे पाठ करून म्हणाले, "घंटा बिघडली असणार. मागेही तेच झालं होतं ना, मामा?"

मामांनी नेहमीसारखं मामीकडे पाहिलं. काय म्हणाले ते तिने सांगायचं, ही त्यांची रीत. साहेबांनी सुटायची वाट करून दिली होती. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. मामी त्यांच्या समोर आली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "साहेब विचारतायत, घंटा बिघडली होती का?"

 मामांच्या अंगावरून पाणी निथळत होतं.

"घंटा चांगली आहे," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

चादरीत पोरीला आवळून बसलेल्या बापाने मान वर केली. दात वाजत होते, तरी शब्द स्पष्ट होते. "कधीपासून?"

मामांना ते ऐकू गेलं नाही. ते पुन्हा मामीकडे पाहू लागले. सगळेच पाहू लागले.

"वर्ष होऊन गेलं," मामी म्हणाली. "मला माहीत होतं."