पहिले दोन सेकंद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण आता लपवण्याचासुद्धा कंटाळा आलाय.

बहारीनमधली आम्ही काही मराठी मंडळी एक पॉडकास्ट चालवतो. बोलणारे दुसरे. मी शुक्रवारी सकाळी सनद भागातल्या माझ्या घरी बसून आवाज कापते, जोडते, एवढंच. शेवटी श्रोत्यांचे व्हॉइस मेसेज लावतो. त्यात दर आठवड्याला वाघमारे असायचे — सनाबिसला एसी दुरुस्त करणारे, मूळ नागपूरकडचे. छतावरच्या उन्हातून उतरून बोलायचे, आणि काय गोड बोलायचे! सुरुवात ठरलेली: "जय भीम, मंडळी."

ते मी कापायचे.

कुणी सांगितलं होतं का? नाही. कार्यक्रम सगळ्यांचा आहे, उगाच कशाला — असं मनाशी म्हटलं होतं. पण एका काकूंचं "राम कृष्ण हरी" मी दर वेळी ठेवत होते. मग हे "सगळे" म्हणजे कोण? प्रश्न सुचला नव्हता असं नाही. सुचला होता, टाळला.

महिन्याभराने त्यांनी विचारलं, "ताई, माझं सुरुवातीचं कटून राहिलं का?" मी ठोकून दिलं — अ‍ॅप पहिले दोन सेकंद खातं. हाडाचे मेकॅनिक ते, लागले उपाय शोधायला. आधी खोकून घ्यायचे, मग एक ते चार मोजायचे, मग जय भीम. मला काय, थोडं जास्त कापायचं. एकदा त्यांनी ते मधल्याच वाक्यात ओवलं. कापता येईना. फाइल उघडत नाही, असं कळवून मोकळी झाले. त्यांनी माझेच आभार मानले.

मग आमचा स्नेहमेळावा झाला. त्यांची बायको तेव्हा इथे आली होती. तिला घेऊन ते मला शोधत आले. तिने माझा हात धरला. "यांचा भाऊ बोलत नाही यांच्याशी. तुमचा कार्यक्रम ऐकते तो. म्हणते, परदेशात जाऊन जय भीम म्हणायला लाजते. तुम्हीच सांगा न त्याले, अ‍ॅपनं खाल्लं म्हणून."

शेजारी आमचा रेकॉर्डिंग करणारा उभा होता. असलं काही अ‍ॅप खात नाही, हे त्याला पक्कं माहीत. आता काय बोलणार? खोटं रेटायचं, की खरं सांगायचं? — मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. "मला नाही बाई आठवत," म्हणाले.

वाघमाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. त्यांना कळलं, हे मला दिसलं. चारचौघांत ते काहीही बोलू शकले असते. बायकोला म्हणाले, "चाल, ताईले कामं असतात."

त्यानंतर त्यांचा मेसेज आला नाही. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. भाऊ त्यांच्याशी बोलायला लागला का, हे मी अजून विचारलेलं नाही.