सुकेशिनीचं ‘समजलं नाई’

सुकेशिनी गेल्याचा फोन तिच्या आईने मोहर्लीहून केला, तेव्हा रडू यायच्या आधी मला राग आला. चार महिने ती आजारी होती आणि मला पत्ता नाही. “तिनंच सांगू नाई देल्लं बाई, तू चिडशील म्हणे,” आई म्हणाल्या. चिडलेच की. महिना होत आला, अजून चिडलेलीच आहे...

मी भद्रावतीची. आयर्लंडमधल्या एका विद्यापीठात आम्हा दोघींना योगायोगाने एकच खोली मिळाली. तिचे वडील मोहर्लीच्या जंगलात सफारीच्या जिप्सीवर गाईड, पोरगी शिष्यवृत्तीवर वनशास्त्र शिकायला आलेली. पहिल्याच महिन्यात तिने माझ्या डोक्याला ताप दिला. पुस्तकी इंग्रजी तिला उत्तम यायचं, पण तिथली माणसं भरभर बोलायची आणि पुन्हा विचारायची हिला लाज. म्हणून कुणी काहीही म्हटलं की ही मान डोलवायची. वर्गातल्या मुलींनी फिरायला बोलावलं, हो. कुठे, किती वाजता, माहीत नाही. त्या वाट बघून निघून जायच्या. मग त्यांनी बोलावणंच सोडलं.

एकदा विभागातून बोलावणं आलं. निबंधात हिने पुस्तकातले परिच्छेद लेखकाचं नाव न देता जसेच्या तसे उतरवले होते. आपल्याकडे त्याचेच तर मार्क मिळत आले. खोलीवर येऊन म्हणाली, “चांगल्या बोलल्या मॅडम.” हातातला कागद मी वाचला. मुद्दाम चोरी केल्याची कबुली होती ती, खाली हिची सही. शिष्यवृत्ती जायची वेळ.

“अगं, काऊन हो म्हटलं तू?” मी ओरडले.

“मले वाटलं, समजलं का म्हणून विचारून राह्यल्या.”

मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाली. दुसऱ्या दिवशी एकटी गेली, एकच वाक्य पाठ करून... मला समजलं नव्हतं, पुन्हा सांगा. बाईंनी पाच वेळा सांगितलं. हिने न समजताच सही केली हे तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं; कबुली रद्द झाली, निबंध नव्याने लिहायची परवानगी मिळाली.

त्यानंतर मात्र कहर. बसमध्ये, दुकानात, भर व्याख्यानात ही माणसाला थांबवायची, “समजलं नाही, पुन्हा सांगा.” आमचे काही तास एकत्र असायचे; तास लांबायचा, मी शरमेने वहीत तोंड खुपसायची. पण तास संपला की व्हिएतनामची, नायजेरियाची मुलं हिच्याभोवती गोळा व्हायची, कारण त्यांनाही समजलेलं नसायचं. तिथेच तिला मित्र मिळाले. खरं सांगायचं तर मलाही समजलेलं नसायचं. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

परत आल्यावर ती चंद्रपुरात शिकवू लागली आणि शनिवारी दुपारी, बाहेरदेशी जाऊ बघणाऱ्या मुलींना आपल्या खोलीवर बसवून अर्ज भरायला मदत करू लागली.

गेल्या शनिवारी आईंसोबत ती खोली रिकामी करायला गेले. पुस्तकं बांधत होतो, तर दारात नागभीडची एक मुलगी, हातात अर्ज. “मॅडम गेल्या ते माहीत आहे जी,” ती म्हणाली, “पण मले दुसरी जागाच नाई माहीत.” आई माझ्याकडे बघायला लागल्या. मला न विचारता सुकेशिनीने मला कामाला लावलंच. चरफडत मी खुर्चीवरची पुस्तकं खाली ठेवली, मुलीला बसवलं आणि अर्ज वाचायला घेतला. पहिलं पान संपेपर्यंत दारात आणखी दोघी येऊन उभ्या होत्या.