डेकवरचा सडा

ताराआत्या भाकरी थापायला बसल्या की आधी नावेला दम द्यायच्या. "गप बस गं घटकाभर! चार भाकऱ्या हू दे, मग नाच." झुलत्या शेगडीवर तवा, तव्यावर ज्वारीचा खरपूस, दाट वास आणि गोल खिडकीत अंदमानचा निळा, उसळता समुद्र. आत्या आता नाहीत. पण आजही भाकरीचा वास आला की मला तो निळा रंग दिसतो.

त्या माझ्या नवऱ्याच्या, अजयच्या आत्या. माहेर न्हावऱ्याचे, संसार दौंडच्या रेल्वे कॉलनीतला. अजयला मित्राची शिडाची नाव थायलंडहून कोचीला आणायची होती. मी सोबत निघाले, तेव्हा आत्यांनी आपला पासपोर्ट तयार असल्याचे जाहीर केले. "जल्मभर लोकांच्या गाड्या सुटताना बघितल्या. आता माझी सुटू दे."

"आत्या, तिथं मधे स्टँड नसतो उतरायला," अजय म्हणाला.

"मग ब्येस हाय की! कुणी उतर म्हनायचं न्हाई."

आणि खरोखर, त्यांच्याइतके सुखाने त्या नावेवर कुणीच राहिले नाही. रात्रीत डेकवर येऊन पडलेल्या उडत्या माशांना त्या 'पाव्हणं' म्हणत आणि न्याहारीला त्यांचेच लिंबू पिळलेले कालवण करत. पिकल्या पपईचा, डिझेलचा, मिठाने ताठरलेल्या शिडाचा असा एक मिश्र गंध आमच्या अंगाला चिकटला होता; त्यात त्यांनी लसणाच्या फोडणीची भर घातली. पहाटे जाग येई ती ओल्या लाकडाच्या थंड वासाने. आत्यांनी डेकवर सडा शिंपून पिठाची रांगोळी घातलेली असे. पाणी समुद्राचेच असणार, असे आम्ही गृहीत धरले होते.

मग एके सकाळी वारा पडला. समुद्र तेल ओतल्यासारखा निपचित. इंजिनाने त्याच दिवशी मान टाकली, आणि चहासाठी नळ सोडला तर त्याने नुसता सुस्कारा टाकला. टाकी रिकामी होती. उरले होते ते फक्त एका कॅनमधले पाणी.

"आत्या, सडा कशानं घालता?" मी विचारले.

"नळाच्या पान्यानं. खाऱ्या पान्याचा सडा कुनी घालतं व्हय? तसल्या दारात लक्ष्मी पाय तरी ठेवील का?"

अजयचा चेहरा पाहून त्यांचे हसू विझले. "पोर्ट ब्लेअरला पोचलो की तू विमानानं पुण्याला," तो म्हणाला. आत्यांनी पदर खोचला आणि कॅन उचलून त्याच्यापुढे ठेवला. "ह्ये निस्तं प्यायला. सैपाकाला थेंब मागनार न्हाई. आन् मागितलाच, तर घाल इमानात."

त्यानंतर त्या झुलत्या शेगडीवर काय काय शिजले! बटाटे समुद्राच्या पाण्यात, सालासकट. पिठले टोमॅटोच्या रसात, लालभडक, आंबट. शहाळ्याचे पाणी उकळून त्यात ज्वारीचे पीठ मळले. त्या भाकरीला गोडसर तांबूस डाग पडत. वाऱ्याची वाट पाहण्याचे भय होतेच, पण जेवायची वेळ झाली की आम्ही दोघे तव्याभोवती अधीर मुलांसारखे घुटमळत असू.

एका दुपारी मात्र माझ्या लक्षात आले, की आत्यांचे ओठ फुटले आहेत. आपल्या वाटणीचे पाणी त्या गुपचूप कॅनमध्ये परत ओतत होत्या. अजयने पेला भरून त्यांच्या हातात दिला. "पी. माझ्यादेखत."

"पान्यानं पोट डचमळतं माझं."

"आत्या!"

त्या प्यायल्या. त्याच्याकडे न बघता, एकेक घोट. अजय तिथेच, त्यांच्या पायाशी बसून राहिला.

संध्याकाळी माझ्या मानेवरचे केस हलले. मग पाण्यावर काटा आला, शिडाची एक कड फडफडली आणि धाडकन सगळे शीड भरले! नाव कलली, भांडी गडगडली, अजय दोर ओढत ओरडू लागला, आणि आत्या पिठाच्या हातांनी टाळ्या पिटत उभ्या. "सुटली! सुटली रं गाडी!"

पोर्ट ब्लेअरला आत्यांनी न सांगताच विमानासाठी आपल्या कपड्यांची पिशवी भरली. नवे लुगडे नेसून डेकवर बसल्या, डोळे धक्क्याकडे. अजय इंजिन दुरुस्तीला देऊन, पाण्याची टाकी भरून, नळ दोनदा तपासून, बाजाराला निघाला. धक्क्यावर उतरला आणि वळला.

"आत्या, कोचीपर्यंत पीठ किती लागेल?"

आत्या पिशवी पायाने आत ढकलत म्हणाल्या, "धा किलो आन. आन् ज्वारीच बघ रं! गव्हावर न्यायचं आसंल, तर मी इमानानंच जाते."